वाळ्याची ताटी आणि हुस्नबानोचं तोंड

आमच्या जळगाव जामोदला उन्हाळा दोन जातींचा असे. एक ताटीवाल्यांचा आणि दुसरा बाकीच्यांचा. ज्याच्या पश्चिमेच्या दारात वाळ्याची ताटी टांगलेली, त्याचा वैशाख दुपारी घोरण्यात जायचा. बाकीचे ओला पंचा डोक्यावर घेऊन सरकारला शिव्या देत बसायचे. सरकारही त्या काळात मोठं मजेशीर होतं. वऱ्हाड नावाला निजामाचं, कारभार मध्यप्रांताबरोबर नागपुरातून, आणि हुकूम इंग्रजाचा. ऊन कोणाच्या हुकमानं पडतं ते मात्र कोणालाच सांगता येत नसे.

ताटी म्हणजे काही फार मोठी विद्या नव्हे. बांबूच्या कामट्यांची चौकट, तिच्यात वाळ्याची मुळं गच्च भरून सुतळीनं आवळलेली. दारात टांगायची आणि मधून मधून लोट्यानं पाणी मारायचं. बाहेरची झळ त्या ओल्या मुळांतून आत येता येता अशी गार होते, की भर दुपारी माणूस पांघरूण मागतो. पण ही ताटी दर साल खोलावी लागते. मुळांत धूळ बसते, काही कुजतात, काही घसरून खाली गोळा होतात आणि वर भोकं पडतात. मग भोकातून झळ सरळ आत येते आणि घरधनी गड्यावर ओरडतो की पाणी कमी मारलं. ताटी खोलायची, मुळं झटकून धुवायची, मेलेली काढून नवी भरायची आणि पुन्हा बांधायची, हे काम आमच्या गावात एकच बाई करायची. तिचं नाव हुस्नबानो. सारा गाव तिला चाची म्हणे.

या कामाची घरं मुळात तिच्या नवऱ्याची, हैदरची. घर म्हणजे राहायचं नव्हे. ताटीवाल्यांची जी घरं वर्षाच्या कामाला बांधलेली असत, त्यांना ती आपली ‘घरं’ म्हणत. शेतकऱ्याचं जसं शेत तशी तिची घरं. सुगी झाली की प्रत्येक घरून पायलीनं ज्वारी यायची, कामाच्या दिवशी शिधा मिळायचा, आणि ताटीतून निघालेला जुना वाळा तिचा, असा रिवाज होता. हैदर गेला तेव्हा लोकांना वाटलं, संपलं. हैदर ताट्या बांधायचा खरा, पण सातपुड्याच्या पायथ्याच्या नाल्यातून वाळा उपटून आणायची, धुवायची, निवडायची ती हुस्नबानोच. तिनं नवऱ्याचा चाळिसावा झाल्यावर पहिल्या घरी जाऊन सांगितलं की इतके दिवस तुमच्याकडे मुका माणूस यायचा, आता बोलणारा येईल.

आणि बोलायची तरी किती. ताटी बांधताना तिचं तोंड सुतळीपेक्षा भरभर चालायचं. आतल्या अंगणात बसून ती हाताची प्रत्येक हालचाल मोठ्यानं सांगायची, "हां, आता ओढ. आता गाठ. अजून आवळ," जणू ताटीलाच हुकूम देत आहे. मध्येच घरधन्याचं चारित्र्य. मध्येच त्याच्या सासुरवाडीचा इतिहास. किसनरावांच्या घरी असली की तिचं एक वाक्य ठरलेलं असे, "या घरची सुतळी बी कंजूस आहे, गाठीपुरती पुरत नाही." किसनराव बैठकीत लोडाला टेकून ते ऐकत आणि कधी कधी आतून हसतही. त्यांना शिवी परवडायची. शिवीला पायली लागत नाही.

किसनराव माझे चुलतभाऊ. वाटणीत त्यांना पश्चिमेची बैठक मिळाली आणि मला उन्हाळा. माणूस वाईट नव्हता. जमीन चांगली, बैल चांगले, बोलणं गोड. पण जी गोष्ट बिघडलेली दिसत नाही तिच्यावर दाणा खर्च करायचा म्हटलं की त्यांच्या पोटात दुखायचं. बैलाचा नाल पडल्यावर ते नालबंदाला बोलावत. पडण्याआधी बोलावणारा त्यांच्या लेखी मूर्ख. मला असल्या माणसांचा राग येतो, आणि भाऊबंद असला तर जास्त येतो.

आता या गोष्टीतली गुपिताची बाब सांगतो. हुस्नबानोच्या बोटांना वात झाला होता. सांधे सुजून बोटं अशी वाकली होती की सुतळीची गाठ तर सोडाच, पानाला चुना लावणं कठीण. पण तिनं ते कोणाला कळू दिलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, तशी ती दोन्ही हात पदराखाली ठेवून गावातून हिंडे. ताटी बांधायची तिची सून, गौसिया. मुलगा रज्जाक खामगावच्या जिनिंगमध्ये कामाला लागला होता, तो ईदेला येई. ही रोहिणखेडची पोर सासूजवळ राहून सगळं शिकली होती. हाताला इतकी चपळ की दोरा दिसू नये, आणि तोंडानं इतकी गरीब की घरात आहे की नाही ते कळू नये. सासू अंगणात बसून "ओढ, गाठ, आवळ" असं बोलायची आणि सून तसं करायची. बाहेर बैठकीत बसलेल्यांना वाटे, म्हातारी स्वतःशीच बडबडत काम करते आहे. काम चालू असताना पुरुषानं आत यायचं नाही, असा चाचीचा कडक कायदा होता. लोक म्हणत, पडद्याची बाई आहे. तो पडदा कसला होता ते फक्त घरोघरच्या बायकांना ठाऊक होतं. माझ्या बायकोनं मला शपथ घालून सांगितलं होतं, आणि मी ती पाळली.

चाचीच्या जिवाला एकच घोर होता. घरं गौसियाच्या नावावर व्हावीत. कागदावरचं नाव नव्हे, लोकांच्या तोंडातलं. हैदरची घरं, मग चाचीची घरं, तशी पुढं गौसियाची घरं असं लोकांनी म्हटलं की झालं. आणि त्यासाठी किसनरावांचं घर हातात राहणं जरूर होतं, कारण गावातल्या ताटीवाल्यांत ते पहिलं. ते सुटलं की बाकीचे मेंढरासारखे मागोमाग सुटणार. म्हणून तिनं ठरवलं होतं की त्या पाडव्याला किसनरावांकडे जाऊन गौसियाला समोर उभी करायची.

ती गेली, आणि किसनरावांनी तिला बैठकीच्या पायरीवरच थांबवलं.

मी तिथंच होतो. किसनराव म्हणाले की यंदा काम नाही. तू काय करते, खोलते अन् पुन्हा बांधते, त्याच्या आधी ताटी जशी दिसते तशीच नंतर दिसते. शिवाय आमच्याच ताटीतला वाळा काढून नेते, तो उद्या कोण्या दुसऱ्याच्या ताटीत घालत असशील. शेवटी ते मुद्द्यावर आले. गौसियाकडे न बघताच म्हणाले, "तुह्या हाताची गोष्ट वेगळी होती चाची. हैदरचं घर होतं, मंग तुह्यं झालं. आता या रोहिणखेडच्या पोरीले काय येते? पुढं नाही."

चाचीचे हात पदराखाली होते ते अजून आत गेले. आता हिनं खरं सांगावं तर किसनराव म्हणणार, म्हणजे इतके दिवस मला फसवलं. न सांगावं तर पोरीला काय येतं ते दाखवायचं कसं?

किसनराव फुशारले होते ते उगीच नाही. आदल्या साली माळ्यावर ठेवलेल्या एका ताटीत उंदरानं घर केलं होतं. चाची सांगायची की ताट्या आढ्याला टांगा आणि मध्ये कडुनिंबाचा पाला खोचा. पण दुसऱ्याचं ऐकलं तर ते किसनराव कसले. त्यांच्या आवारात ज्वारीचं पेव होतं, जमिनीत खोल खणलेलं, तोंडाशी ताटी उभी उतरेल एवढंच, आत मोठं. ज्वारी उपसून ते रिकामं झालेलं. त्यांच्या मनात आलं, पेवात उंदीर नाही, वाळवी नाही, पाऊस नाही. ज्या जागी ज्वारी टिकते तिथं वाळा का टिकू नये? दोन्ही ताट्या पेवात उतरवल्या, वर झाकण घालून मातीनं लिंपून टाकलं आणि साऱ्या गावाला ती युक्ती सांगितली. पाडव्याच्या आधी कारभारी नावाच्या त्यांच्या गड्यानं त्या बाहेर काढल्या तेव्हा खरंच एक मूळ इकडचं तिकडं झालेलं नव्हतं.

त्या दोन्ही ताट्या भिंतीला टेकून उभ्या होत्या. चाची त्यांच्याजवळ गेली. नाक जरा पुढं केलं. मग माझ्याकडे पाहिलं, आणि तिच्या डोळ्यांत जे आलं ते पाहून मला वाटलं, आता काही तरी होणार.

पेवाच्या ज्वारीला एक वास असतो. आंबूस, कुबट, जमिनीच्या पोटातला. ज्याच्या घरी वर्षानुवर्षं पेवाची ज्वारी खातात त्याच्या नाकाला तो कळत नाही, भाकरीचाच वास वाटतो. किसनरावांचं घर पिढ्यान् पिढ्या पेवाचं. आणि वाळ्याचा गुण असा की ज्याच्या शेजारी ठेवाल त्याचा वास तो पिऊन घेतो आणि पाणी लागलं की दामदुपटीनं परत करतो.

चाची एवढंच म्हणाली, "किसनभाऊ, एकडाव पाणी मारून पाहा."

किसनराव म्हणाले की ताटी वापरली की झिजते, पाणी आखाजीला मारीन, व्याही समोर बसल्यावर. चाचीनं सलाम केला आणि सुनेला घेऊन निघाली. पुढं एकदा मी तिला विचारलं, तू सरळ सांगितलं का नाही? तर म्हणाली, सांगितलं की. त्यांनी जोरानं विचारलं नाही, मीही जोरानं सांगितलं नाही.

व्याही म्हणजे संग्रामपूरचे उत्तमराव. किसनरावांची मुलगी त्यांच्या घरी दिलेली, आणि दोघा व्याह्यांत तेव्हापासून एक गोड वैर. उत्तमरावांनी आपल्या बैठकीत छताला झुलता पंखा लावला होता, दोरी ओढायला माणूस ठेवला होता, आणि मागल्या उन्हाळ्यात किसनरावांना त्याखाली बसवून तीनतीनदा विचारलं होतं, हवा लागते ना? ते किसनरावांच्या मनात सलत होतं. म्हणून आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमरसाच्या जेवणाचं आमंत्रण गेलं. वऱ्हाडात त्या दिवशी पितरांच्या नावानं पाण्याचा घडा भरतात आणि पाण्यात वाळ्याची जुडी टाकतात. ती जुडी घरोघरी चाचीकडून यायची, फुकट. त्या साली किसनरावांकडे ती येणार नाही असं मला वाटलं होतं. पण आली. अन्नपूर्णाबाई, म्हणजे आमची वहिनी, आणि चाची यांचं मैत्र किसनरावांच्या पायलीवर चालत नव्हतं.

उत्तमराव दमणीतून उतरले तेव्हा ऊन असं होतं की बैलांच्या तोंडाला फेस आला होता. माणूस जाडजूड, घामानं निथळलेला. किसनरावांनी त्यांना मुद्दाम दोन दारांच्या मधोमध बसवलं. दोन्ही दारांत ताट्या टांगलेल्या. मलाही बोलावलं होतं, कारण फुशारकीला साक्षीदार लागतो. किसनरावांनी पेवाची युक्ती पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितली, ताटीबाईचा खर्च कसा वाचवला तेही सांगितलं आणि मग कारभारीला खूण केली. कारभारीनं बाहेरून भरभरून पाणी मारलं.

पहिली झुळूक गार आली. उत्तमरावांनी डोळे मिटले. किसनरावांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू वारा त्यांनीच घडवला.

दुसऱ्या झुळकीबरोबर पेव आलं.

उत्तमरावांनी डोळे उघडले. आधी त्यांनी हळूच आपल्या पायांकडे पाहिलं. मग दाराशी काढलेल्या जोड्यांकडे. मग माझ्याकडे, आणि मी कारभारीच्या दिशेनं पाहिलं, कारण अशा वेळी गरिबाकडे पाहण्याची आपल्यात रीत आहे. पाहुण्यानं यजमानाच्या घरी वासाची गोष्ट काढायची नसते आणि यजमानानं पाहुण्याची. किसनराव बिचारे निर्धास्त, त्यांना भाकरीचा वास येत होता. पाहुणा अस्वस्थ दिसतो, म्हणजे गारवा कमी पडतो असं समजून ते ओरडले, अजून पाणी मार. कारभारीनं घागरच ओतली. मग जो वास सुटला तो सांगायची सोय नाही. बैठकीत आंबलेल्या ज्वारीचा पूर आल्यासारखं झालं, आणि त्यात आतून आमरसाच्या वाट्या आल्या.

उत्तमरावांनी पाण्याचा तांब्या तोंडाला लावला. घड्यातल्या पाण्याला चाचीच्या जुडीचा सुवास होता. तांब्या नाकाशी धरून ते बराच वेळ नुसते बसून राहिले. मग तांब्याच्या आडूनच म्हणाले, "काऊन हो व्याही, पंगत बैठकीत आहे का पेवात?"

किसनरावांचा चेहरा पाहून मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, असं मनात म्हणूनही घेतलं. पण लगेच वाईटही वाटलं, कारण या माणसाचं उद्या संग्रामपूरच्या साऱ्या पंचक्रोशीत हसं होणार होतं, आणि त्याची पोर त्याच घरात नांदत होती. किसनराव उठले, ताटीशी गेले, नाक लावलं, पुन्हा लावलं. त्यांना अजूनही नीट कळत नव्हतं. दार उघडं टाकावं तर झळ, ताटी ठेवावी तर हा वास. दोन्ही दारं लावली तर भट्टी.

कारभारी मघाशीच नाहीसा झाला होता. वहिनींनी त्याला मागच्या दारानं पिटाळलं होतं. थोड्या वेळानं बैठकीच्या पुढच्या दारात चाची उभी. आजवर ती पुढच्या दारानं कधी आली नव्हती. मागं कारभारी आणि गौसिया, दोघांच्या डोक्यावर मिळून एक ताटी. लहानशी, ठिगळाठिगळाची, कुठं मुळं काळपट, कुठं पिवळी. चाचीच्या स्वतःच्या झोपडीच्या दारातली होती ती.

कोणाला न विचारता त्यांनी एका दारातली ताटी उतरवली आणि आपली टांगली. दुसरं दार लावून घेतलं. चौकट दाराला पुरेना तेव्हा गौसियानं बाजूच्या फटी तिथंच सुतळीनं आणि वाळ्याच्या मुठींनी भरून काढल्या, आमच्या सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. चाची शेजारी उभी राहून फक्त बोलत होती, "हां, आता ओढ. आता गाठ. अजून आवळ." तिचे हात पदरात होते. किसनराव त्या बोलण्याकडे आणि त्या पोरीच्या बोटांकडे आळीपाळीनं पाहू लागले.

पाणी मारलं. वाळ्याचा वास आला, खरा, पहिल्या उन्हाळ्यातल्यासारखा. उत्तमरावांनी तांब्या खाली ठेवला, पाट पुढं ओढला आणि आमरसाला सुरुवात केली. दोन वाट्या झाल्यावर ते म्हणाले की अशी हवा आमच्या पंख्याला नाही. किसनरावांच्या जिवात जीव आला. हरलेला डाव परत हाती आला तसे ते सावरून बसले, आणि त्यांचा मूळचा स्वभावही त्याबरोबर परत आला. चाचीला म्हणाले की हा असा वाळा आणला कुठून? माझ्या ताटीला असा कधी का मिळत नाही?

चाची म्हणाली की किसनभाऊ, हा तुमचाच आहे. दर साली तुमच्या ताटीतून जुना म्हणून काढून नेला तो. नव्या ताटीला कामाचा नव्हता, पण धुतला, निवडला, दर साली खोलून पुन्हा बांधला, म्हणून अजून जिवंत आहे. दुसऱ्याच्या ताटीत नाही घातला. माझ्या दाराला आहे.

उत्तमराव हसले. किसनराव हसले नाहीत. मग खाकरून म्हणाले की बरं, झालं ते झालं, तू दर साल येत जा. तुझ्या हाताची गोष्टच वेगळी.

इथं चाचीला गप्प बसता आलं असतं. घर राहत होतं. हात पदरात होते, मूठ झाकलेली होती, आणि किसनरावांनी तिच्या हाताची तारीफ पाहुण्यासमोर केली होती, जी तिला सगळ्यात गोड लागायची. पण मग ते घर तिचंच राहिलं असतं, तिच्यापुरतं. ती एकदा गौसियाकडे पाहून मग पुढं झाली, पदर बाजूला केला आणि दोन्ही हात किसनरावांपुढं धरले. बोटं मुळांसारखी वाकडी.

"किसनभाऊ, वाळा तुमचा, हात हिचे," ती म्हणाली. "तीन साल झाले. माहं निरं तोंड होतं."

मला त्या क्षणी तिच्या पाया पडावंसं वाटलं. जी बाई आपल्या हातांचा गर्व नवऱ्याच्या नावापेक्षा जास्त जपायची, तिनं तो भर पंगतीत काढून ठेवला.

किसनरावांना राग येतो की काय असं वाटलं. फसवलं म्हणायला तोंड उघडलंही होतं त्यांनी. पण उत्तमराव मध्येच हात धुता धुता म्हणाले की मंग या पोरीला संग्रामपूरला पाठवा, आम्ही पंखा काढून ताट्या लावतो. झालं. व्याह्याला ती चीज आधी मिळणार म्हटल्यावर किसनरावांच्या अंगात वारं शिरलं.

"पहिले माहं घर," ते म्हणाले. मग आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी त्या पोरीकडे तोंड करून तिला नावानं हाक मारली. "गौसिया, पाडव्याले येत जाजो. घर तुह्यं."

गौसियानं मान हलवली. दुपारभर तिच्या तोंडून एक अक्षर निघालं नव्हतं. जाता जाता दाराशी थांबून ती हळूच म्हणाली, "येईन काका. पर ताट्या पेवात ठेवू नका."

उत्तमरावांना हसता हसता ठसका लागला.

दिवस कलल्यावर चाची आपली ताटी काढून न्यायला आली. किसनराव म्हणाले, राहू दे उन्हाळाभर. ती म्हणाली, मग मी काय पेवात बसू? आणि काढून घेऊन गेली. पेवाच्या दोन्ही ताट्याही रिवाजाप्रमाणे तिच्या झाल्या, किसनरावांनी त्या मोठ्या उदारपणे देऊन टाकल्या. पावसाळाभर त्या तिच्या झोपडीच्या छपरावर धुतल्या जात होत्या. किसनरावांना त्या साली नव्या ताट्या कराव्या लागल्या, आणि त्याला जितकी ज्वारी लागली तितकीत जुन्यांची देखभाल कितीतरी वर्षं झाली असती. हे त्यांना मी सांगितलं. सांगायला हवंच होतं असं नाही.

त्यानंतर चाची हात पदराखाली न लपवता हिंडू लागली. घरोघरी गौसिया पुढं, चाची मागं. संग्रामपूरलाही जायच्या दोघी. उत्तमरावांनी पंखा काढला नाही, पण ताटीही लावली आणि दोरी ओढणाऱ्याला पाणी मारायचं काम दिलं. कोणी नवा माणूस विचारी की म्हातारी काय करते, तर चाची सांगे की मी बोलते, माझी ज्वारी बोलण्याची आहे. लोकांना ती थट्टा वाटे.

मग एका हिवाळ्यात ती गेली. पाडवा आला. घरांबद्दल कोणी काही विचारलं नाही, गौसियाची घरं होती ती, सगळ्यांना ठाऊक होतं. ती किसनरावांकडे आली, मागच्या दारानं आत गेली आणि अंगणात ताटी खोलून बसली. मी बैठकीत होतो. किसनराव लोडाला टेकून पडले होते. आता त्यांचेही केस पिकले होते.

आतून काही ऐकू येईना. कामटी वाजे तेवढीच. किसनराव या कुशीवरून त्या कुशीवर झाले. ताटी बांधून होण्याआधीच म्हणाले, यंदा ती बरोबर होत नाही. मी म्हटलं की बघितली तरी आहे का? म्हणाले, बघायला कशाला पाहिजे. पुन्हा जरा वेळ पडून राहिले. मग उठले, मधल्या दारापर्यंत गेले आणि उंबऱ्याच्या आत पाऊल न टाकता, कारण तो कायदा त्यांनी अजून पाळला होता, आत हाक मारली, "गौसिये, काही बोलत जाय ना बाई."

आत कामटी थांबली. मग वहिनींच्या हसण्याचा आवाज आला, आणि त्याच्या मागून एक बारीक, चाचरता आवाज, "हां, आता ओढ. आता गाठ. अजून आवळ."

किसनराव परत येऊन लोडाला टेकले.

"या घरची सुतळी बी कंजूस आहे," आतला आवाज जरा मोठा झाला, "गाठीपुरती पुरत नाही."

किसनरावांनी पंच्यानं डोळे पुसले आणि म्हणाले, आता गार होईल.